बाईंच्या पोटातला पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. कमरेला बांधतात तो नाही आणि पूर्वी मास्तरांच्या टेबलावर असायचा तो तर मुळीच नाही. मी पोटाचा पट्टा आहे. तोही पोटावरून नव्हे, पोटाच्या आत, थेट जठराला बांधायचा. लहान मुलीच्या बांगडीएवढा, रंगाने पांढरट आणि हाताला मऊ. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी एका गावात प्राथमिक शाळा आहे. तिथल्या साधनाबाईंच्या पोटात मी आठ वर्षं आणि एक महिना राहिलो. त्या काळात माझ्याबद्दल एसटीत, पारावर आणि पंगतीत पुष्कळ बोललं गेलं. मला मात्र कुणी काही विचारलं नाही. म्हणून मित्रांनो, आज मीच सांगतो. बोलताना आवाज चढला तर ऐकून घ्या, कारण माझा राग अजून उतरलेला नाही.

माझा जन्म परदेशात एका कारखान्यात झाला. मला सिलिकॉन नावाच्या पदार्थापासून घडवलं. मी आतून पोकळ आहे. मला एक बारीक नळी जोडलेली असते आणि नळीच्या टोकाला एक चपटी डबी असते. तयार झाल्यावर मला पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते पाहिलं. पंक्चरवाला सायकलची ट्यूब घमेल्यात बुडवून पाहतो ना, अगदी तसंच. एकही बुडबुडा आला नाही. मग मला पाकिटात घालून हवाबंद केलं आणि विमानाने धाडलं. पुण्याच्या एका दवाखान्याच्या कपाटात मी चार महिने पडून होतो. आपण कुणाच्या वाट्याला येणार, हे आमच्या जातीला आधी कधी कळत नाही.

माझं काम सोपं आहे. पोत्याचं तोंड सुतळीने आवळावं तसा मी जठराच्या वरच्या भागाला आवळून बसतो. वर एक छोटी पिशवी तयार होते. त्या पिशवीत चार घास पडले की माणसाला पोट भरल्यासारखं वाटतं. ती डबी असते कातडीखाली. डॉक्टर तिच्यात सुईने मिठाचं पाणी भरतात, की मी फुगतो आणि वाट अरुंद होते. पाणी काढून घेतलं की वाट पुन्हा मोकळी. इतकंच. मी भूक मारत नाही, चरबी वितळवत नाही आणि चमत्कार तर अजिबात करत नाही. हे एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी भांडणं ह्याच्यावरून झाली.

साधनाबाई मूळच्या दौंडच्या. त्यांचे वडील हौशीराम दौंड जंक्शनवर रेल्वेत कामाला होते. त्यांच्या वाडवडिलांनी मेंढरं वळली, पण हौशीरामांनी आयुष्यभर गाड्यांना रूळ बदलून दिले. त्यांना साखरेचा आजार झाला. आधी पायाला जखम झाली, ती चिघळली, मग पाऊल कापलं, मग गुडघ्यापासून पाय गेला आणि १९९८ साली माणूसच गेला. बाईंनी हे सगळं जवळून पाहिलं होतं. बाळंतपणानंतर त्यांचं स्वतःचं वजन वाढत वाढत एकशे अठरा किलोवर गेलं होतं. नंतर त्यांच्याही रक्तात साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. पथ्य झालं, काढे झाले, पहाटेचं फिरणं झालं. पाच किलो उतरायचे आणि सात चढायचे.

लोक म्हणतात, बाईंनी बारीक दिसायला ऑपरेशन केलं. साफ खोटं. मी टेबलावर पडलो असताना डॉक्टरीणबाईंनी त्यांना शेवटचं विचारलं होतं, "नक्की करायचं ना?" त्यावर बाई म्हणाल्या, "डॉक्टर, माझ्या वडलांचा पाय गेला. माझे दोन्ही पाय मला ठेवायचेत. मला वर्गात उभं राहून शिकवायचंय, खुर्चीत बसून न्हाई." हे २००१ सालचं. त्या वाक्यावर मी त्यांच्या पोटात गेलो, आणि ते वाक्य मी कधी विसरलो नाही.

घरी आल्यावर बाईंच्या सासूबाईंनी माझं नाव ठेवलं. त्यांचं नाव तानुबाई. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं मेंढरांमागे काढलेली. पावसाळा सरला की कळप घेऊन कोकणाकडे उतरायचं आणि उन्हाळ्याच्या अखेरीस परत यायचं. आता घरची शेती होती, ऊस होता आणि मुलगा मल्हार रांजणगावच्या एका कंपनीत पाळ्या करत होता. पण तानुबाईंचं सगळं ज्ञान मेंढरांचंच. त्या सुनेच्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "बैलाला घालत्यात तशी वेसण घातली म्हना की पोटाला."

मला हे फार लागलं. वेसण दुसऱ्याच्या हातात असते आणि बैलाला विचारून कुणी घालत नाही. मला बाईंनी स्वतः सही करून आत बोलावलं होतं. पण पोटातून ओरडून सांगणार कसं?

मल्हार मला "व्हॉल्व्ह" म्हणायचा. कंपनीच्या बसमध्ये तो मित्रांना सांगायचा, "आमच्या मिसेसला व्हॉल्व्ह बसवलाय. पुण्याला जाऊन प्रेशर ॲडजस्ट करायचं." आणि शाळेतली पोरं? बाईंच्या पोटाला चुकून हात लागला की त्यांना ती डबी लागायची. त्यावरून शाळेत बातमी पसरली की बाईंच्या पोटात बटण आहे आणि ते दाबलं की बाई गृहपाठ देतात. मित्रांनो, ही बातमी तुमच्यापैकीच कुणीतरी पसरवली असणार. मी काही इतकं मनावर घेतलेलं नाही.

पहिली दोन वर्षं आमची होती. बाई एक एक घास तीस तीस वेळा चावायच्या. जेवताना पाणी नाही, घाई नाही. कधी घाई झालीच तर मी घास अडवायचो. छातीत दुखायचं, तोंडाला लाळ सुटायची, उठून मोरीकडे जावं लागायचं. मला वाईट वाटायचं, पण तेच माझं काम होतं. वजन उतरत गेलं. एकशे अठरावरून चौऱ्याऐंशी. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. इनामगावला पांढरीचं टेकाड आहे, जिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांची घरं सापडली. दरवर्षी सहल तिथे जायची आणि बाई खाली बाभळीच्या सावलीत पिशव्या राखत बसायच्या. २००३ साली त्या पोरांच्या पुढे चढल्या. वर जाऊन खापराचा एक तुकडा दाखवत त्यांनी अर्धा तास उभ्यानेच शिकवलं. मी आत होतो. त्यांची छाती भात्यासारखी हलत होती आणि मला वाटत होतं, बघा रे, बघा, ह्यात थोडा माझाही वाटा आहे!

गावातल्या बायका येऊन बघून जायच्या. "साधनाबाईवानी पट्टा बसवायचा" असं दोघीतिघींनी घरी काढलंसुद्धा. तेव्हा माझं कौतुक होतं.

मग ती चूक झाली. ती चूक आळसाची नव्हती आणि खादाडपणाचीही नव्हती. ती मायेची होती आणि अशी माया मेंढरांमागे जन्म काढलेल्या घरातच होऊ शकते. तानुबाईंना दिसत होतं की सून अर्धी भाकरी खाते, कधी तीही ओकते आणि दिवसेंदिवस वाळत चालली आहे. त्यांच्या लेखी अंग उतरणं म्हणजे आजार. त्यातून लोक काय म्हणतील ही धास्ती. सासू जेवू घालत नाही, हेच म्हणणार. मेंढराचं पोर चरेनासं झालं, तर त्यावर तानुबाईंकडे एकच उपाय होता, आणि त्या उपायाने त्यांनी शेकडो कोकरं जगवली होती. चरत नसेल तर पाजायचं. थोडं थोडं, पण सारखं.

संध्याकाळी बाई शाळेतून आल्या की तानुबाई पितळी पेला पुढे करायच्या. त्यात गूळ घातलेलं घट्ट दूध. कधी खपली गव्हाची खीर, पातळ केलेली. कधी साखर घालून आंबील. उसाचं गुऱ्हाळ सुरू झालं की रस. "घे पोरी, दिवसभर वरडून घसा सुकला आसंल. ह्ये काय अडकत न्हाई."

खरंच अडकत नव्हतं. मित्रांनो, माझी हीच एक कमजोरी आहे आणि मी ती लपवणार नाही. मी भाकरी अडवतो, मटण अडवतो, पोहेसुद्धा अडवतो. पण पातळ आणि गोड माझ्यामधून सरळ निघून जातं. मी तिथे असूनही नसल्यासारखाच असतो. दवाखान्यात हे बाईंना आणि मल्हारला नीट सांगितलं होतं. तेव्हा तानुबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांना कुणीच सांगितलं नाही.

मग बाईंना कळत होतं, तरी त्या का प्यायल्या? बाईंची चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. पण सकाळपासून पोटात दोन घास असायचे, सात तास वर्गात उभं राहिलेलं असायचं आणि समोर सासूचा सुरकुतलेला हात असायचा. सासवा कशा असतात हे ज्या बायकांना ठाऊक आहे, त्या समजतील. ज्या सासूने जन्मात सुनेचं कौतुक तोंडाने केलं नाही, ती पेल्याने करत होती. बाईंना तो पेला परत करणं जमलं नाही. पहिल्या दिवशी जमलं नाही, मग दुसऱ्या दिवशी तर कारणच उरलं नाही.

वजन चढायला लागलं. ते वाढलं की बाई पुण्याला जायच्या आणि डबीत पाणी भरून घ्यायच्या. मी आणखी आवळायचो. त्यामुळे भाकरी आणखी अडकायची आणि तानुबाईंना काळजी वाटून पेला आणखी भरायचा. असं पाच वर्षं चाललं. २००८च्या अखेरीस बाई एकशे नऊ किलोच्या झाल्या होत्या. साखरेच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. एकदा डाव्या अंगठ्याला ठेच लागली तर ती महिनाभर भरली नाही. बाई रोज शाळेतून आल्यावर पाय ओट्यावर घेऊन ती जखम बघायच्या. त्या काय शोधत होत्या, ते मला माहीत होतं.

आता गाव बोलायला लागलं. "पट्टा फेल गेला." "पट्टा काय करंल, तोंडाला कुलूप नको?" "चोरून खात आसंल." शाळेच्या व्हरांड्यात, दूध डेअरीवर, शिरूरच्या बाजारात, जिथे तिथे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. मी फेल नव्हतो! बाई चोर नव्हत्या! पण उंटावरच्या शहाण्यांना पोटात उतरून पाहायची सोय नसते.

आणि मग मी सरकलो. हे मात्र कबूल. वर्षानुवर्षं जास्त आवळलेला राहिल्याने खालचं जठर माझ्यातून थोडं वर घसरलं आणि मी तिरका झालो. बाई आडव्या झाल्या की घशाशी आंबट यायचं, खोकल्याची ढास लागायची, साधं पाणीही कधी कधी परत यायचं. फळ्यावर लिहिता लिहिता त्या थांबून भिंतीला टेकायच्या. वर्गातली पोरं गप्प व्हायची. ते मला आवडायचं नाही.

२००९च्या जानेवारीत बाई, मल्हार आणि तानुबाई असे तिघं पुण्याला गेले. ह्या वेळी तानुबाई हट्टाने आत येऊन बसल्या. बाईंना पांढरं औषध पाजून पोटाचे फोटो काढले. फोटोत मी दिसलो, वाकडा. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. तीन वाटा आहेत. पट्ट्यातलं पाणी काढून तसाच पोटात राहू द्यायचा, पण तो पुन्हा त्रास देईल. पट्टा काढून टाकायचा आणि थांबायचं, पण वजन आणि साखर बहुतेक वाढेल. किंवा आधी पट्टा काढायचा, तीन महिने जठराला विसावा द्यायचा आणि मग दुसरी शस्त्रक्रिया करायची, ज्यात जठर छोटं करून अन्नाची वाटच बदलतात. ती मोठी शस्त्रक्रिया. तिच्यात धोका जास्त आणि जन्मभर गोळ्या.

मग त्यांनी विचारलं, "एक सांगा साधनाताई. गोड पातळ काही पोटात जायचं का? दूध, खीर, रस?"

शेजारच्या खुर्चीत तानुबाई होत्या. बाई म्हणाल्या, "न्हाई. कधीमधी चहा."

मी आत होतो मित्रांनो. मला ठाऊक होतं की ते खोटं आहे आणि ते कुणासाठी आहे. तानुबाईंनाही कळलं. न चरणाऱ्या कोकराला आपण पाच वर्षं चुकीचं पाजत होतो, हे त्या एका प्रश्नातून त्यांना समजलं. शिरूरपर्यंत एसटीत त्या खिडकीशी बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या आणि सोडायच्या.

दवाखान्यात त्याच दिवशी माझ्यातलं पाणी काढून घेतलं होतं. मी ढिला पडलो. बाईंचं घशाशी येणं कमी झालं आणि कितीतरी दिवसांनी त्यांना अर्धी भाकरी सुखाने खाता आली. मल्हारला तेवढ्याने बरं वाटलं. तो म्हणाला, "आता त्रास न्हाई ना? मग ऱ्हाऊ दे की तसाच. एकदा पोटाला हत्यार लावलं, पुन्हा कशाला? तुला काय झालं तर आमी काय करायचं?" तो वाईट नव्हता. त्याला भीती वाटत होती. बाईंनाही भीती वाटत होती. महिनाभर त्या शाळेतून येऊन ओट्यावर बसून राहायच्या. पट्टा काढला तर लोक म्हणणार, बाई हरल्या. दुसरी शस्त्रक्रिया केली तर म्हणणार, आठ वर्षांत अक्कल आली नाही. आणि काहीच केलं नाही तर अंगठ्याची जखम होतीच.

फेब्रुवारीत दौंडला जावळाचा कार्यक्रम निघाला. तानुबाईंच्या थोरल्या जाऊबाई, कुशाबाई, दौंडला राहायच्या. त्यांच्या नातवाचं जावळ होतं. बिरोबाच्या देवळापाशी मांडव, बकऱ्याचं मटण, बाजरीच्या भाकरी आणि दुपारी बायकांची पंगत. बाईंच्या एका बाजूला तानुबाई बसल्या. बाईंनी भाकरीचा तुकडा रश्शात भिजवला आणि सावकाश चावायला सुरुवात केली. कुशाबाई वाढत होत्या. त्या बाईंच्या पानापुढे थांबल्या आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आगं बया! पोटाला पट्टा बांधलाय म्हनं, आन् भाकरी तर झ्याक चालली हाय की! आता कळलं आंग कशानं भरलंय. घरात समद्यांम्होरं उपास आन् मागनं चोरून खायाचं."

दोघीचौघी हसल्या. बाईंचा घास तोंडातच राहिला. मी ढिला होतो, मी काही अडवलं नव्हतं, पण तो घास त्यांच्याकडून गिळवेना.

तेवढ्यात तानुबाईंनी हातातला तुकडा पानात ठेवला.

"आक्का, तिनं चोरून न्हाई खाल्लं. मी पाजलंय."

तानुबाई पुढे बोलत होत्या. "रोज. गूळ घालून दूध. माझ्या हातानं. कोकरू चरंना म्हून पाजतो, तसं. ते चालत न्हाई, ह्ये मला ठावं नव्हतं. आन् डॉक्टरनी इचारलं तवा हिनं माझं नाव न्हाई सांगितलं. चाळीस वरसं झाली, तुमच्याम्होरं मी तोंड उघडलं न्हाई. आज उघडती. काय बोलायचं आसंल ते मला बोला. तिच्या पानाकडं बोट दावायचं न्हाई."

थोरल्या जावेला असं कुणी बोलत नसतं. मी पट्टा असलो तरी मला छाती असती तर ती फुगली असती! कुशाबाईंनी वाढायचं पातेलं खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "मी आपलं गमतीनं म्हनलं." गमत! आठ वर्षं बाईंच्या पोटात राहून मी एक शिकलो. जाडजूड माणसाला टोचून बोलणाऱ्या प्रत्येकाने गमतच केलेली असते.

बाईंनी तो घास चावला आणि गिळला. मग त्या म्हणाल्या, "थोरल्या आत्या, आता आलंच हाय बोलण्यात, तर सगळ्यांना सांगते. मी पट्टा काढणार हाय. दुसरं ऑपरेशन बी करणार. कुणी हसलं म्हणून करत न्हाई आन् कुणी नको म्हणलं तर थांबणार बी न्हाई. मी दूध प्याले, ते ह्या माझ्या आत्यांनी पाजलं म्हणून न्हाई, मला भूक होती म्हणून प्याले. त्यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसत न्हाई." आणि पान थोडं पुढे सरकवून म्हणाल्या, "मला कोरभर भाकरी वाढा."

कुशाबाईंनी वाढली. सगळी पंगत बघत असताना बाईंनी ती कोरभर भाकरी सावकाश, एक एक तुकडा चावून संपवली. मी त्या दिवशी काहीच काम केलं नाही, तरी माझ्या आठ वर्षांतला तो सगळ्यांत चांगला दिवस होता.

घरी येताना मल्हार मोटरसायकल चालवत मागे वळून म्हणाला, "आन् समज, पुन्हा बी वजन आलं तर?"

"आलं तर आलं. तवा परत बघू. तुमी म्होरं बघून गाडी चालवा."

मार्चमध्ये माझा दिवस ठरला. मला राग आला होता, हे खरं सांगतो. मला बाहेर काढणार ह्याचा नव्हे. जुनं झालेलं, वाकडं झालेलं काढायलाच हवं. राग आला तो एका कागदाचा. शस्त्रक्रियेच्या आधी एक तरुण डॉक्टर सही घ्यायला आले. बाई शिक्षिका. न वाचता सही करणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी कागद वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पट्टा काढण्याचं कारण: रुग्णाने पथ्य न पाळल्यामुळे अपयश.

"हे कुणी लिहिलं?"

"बाई, ते फॉर्मपुरतं असतं. सगळ्यांचंच तसं लिहितो."

"तुमच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं, 'मूल मठ्ठ आहे,' आणि तुम्ही आलात तर म्हटलं, फॉर्मपुरतं असतं, सगळ्यांचंच तसं लिहिते. चालेल तुम्हाला?"

डॉक्टर हसायला गेले, पण बाई हसत नव्हत्या. "मी सही करणार न्हाई. तुमच्या मॅडमना बोलवा."

सलाईन लावायला पुढे आलेला नर्सचा हात तसाच थांबला. मल्हार म्हणाला, "अगं, कशाला वाढवती?" तानुबाई म्हणाल्या, "तू गप रे." डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी कागद वाचला, बाईंकडे पाहिलं आणि ती ओळ स्वतःच्या पेनाने खोडली. "काय लिहू साधनाताई?"

बाई शुद्धलेखन घालतात तशा सावकाश सांगत गेल्या. "आठ वर्षं एक महिना पट्टा वापरला. चौतीस किलो उतरले, पंचवीस परत आले. चार वर्षं साखरेची गोळी लागली नाही. पट्टा सरकला म्हणून काढला." डॉक्टरीणबाईंनी जसंच्या तसं लिहिलं. मग बाईंनी सही केली. पूर्ण नावाची, ठळक.

मला काढायला तासभर लागला. आठ वर्षांत माझ्याभोवती बाईंच्याच पेशींचं एक पातळ आवरण चढलं होतं. ते सोडवताना मला उगाच वाटलं की मलाही कुणीतरी धरून ठेवलंय. मग मी बाहेर आलो, धुतला गेलो आणि बाईंनी आधीच मागून ठेवलं होतं म्हणून एका काचेच्या बाटलीत गेलो.

बाई शुद्धीवर आल्या तेव्हा तानुबाई उशाशी होत्या. नर्सने बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, फिरवून फिरवून मला पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं.

"ह्योच का त्यो?"

"ह्योच."

"एवढासा?" तानुबाईंनी बाटली मांडीवर ठेवली. "एवढ्याशावर समदं सोडून मोकळं झालो व्हय गं आपुन?"

बाईंनी हात पुढे केला आणि तानुबाईंनी तो धरला.

मित्रांनो, बाईंची दुसरी शस्त्रक्रिया जूनमध्ये आहे. ती कशी होईल, किती किलो उतरतील, किती परत येतील, मला माहीत नाही आणि कुणी पैजा लावू नयेत. अंगठ्याची जखम भरत आली आहे. तानुबाईंनी ह्या वेळी पथ्याचा कागद नातीकडून, म्हणजे बाईंच्या लेकीकडून, तीनदा वाचून घेतला आणि तोंडपाठ केला. घरातल्या कुणाला काय खाऊ घालायचं आणि काय नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगावं लागतं, एकट्या आजाऱ्याला सांगून भागत नाही. तुमच्या घरी कुणी आजारी असेल तर हे लक्षात ठेवा. आमच्यासारख्या वस्तूंची काळजी घ्या, आम्हाला वेळेवर दाखवायला न्या, आमच्यावर सगळं ढकलू नका.

आणि एक. गावात कुणीतरी जाड असेल, बाई असतील, काका असतील, तुमच्या वर्गातली एखादी मुलगी असेल. तिने किती घास खाल्ले ते मोजायचा मोह झाला, तर आधी तिच्या पोटात आठ वर्षं राहून या. मी राहून आलोय. मी एकदाही मोजले नाहीत.